रेपो अडीच टक्के, हप्ता वीस टक्के? एका फॉरवर्डचा हिशेब

गृहकर्जाच्या हप्त्यांवरचा एक मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपांवर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा गाभा असा: ‘सरकारने रेपो दर अडीच टक्के वाढवला, पण बँकांनी तुमचा हप्ता वीस टक्क्यांनी वाढवला. वीस वर्षांचं कर्ज गुपचूप चाळीस वर्षांचं करून टाकलं. आता रेपो सव्वा टक्क्याने उतरला तरी हप्ता तेवढाच आहे. मधला पैसा सरकारच्या आणि बँकांच्या खिशात गेला. आधीच्या सरकारच्या काळात असं कधी झालं नव्हतं.’ त्याखाली दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं: ‘२०१४ मध्ये गृहकर्ज दहा टक्क्यांच्या वर होतं, आज आठच्या आसपास आहे. मग हप्ता स्वस्त कुणी केला?’

दोन्हींत खरे आकडे आहेत आणि दोन्हींचे निष्कर्ष चुकीचे आहेत. वाईट म्हणजे या भांडणात राजकारण्यांना खरोखर विचारायचे प्रश्न बाजूलाच पडतात. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘सरकारने रेपो वाढवला’

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचं कर्ज देते तो दर. तो ठरवते पतधोरण समिती. रिझर्व्ह बँक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन ती आली. सदस्य सहा: तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले बाहेरचे. मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. महागाईचं लक्ष्य मात्र सरकार ठरवतं: ४ टक्के, वरखाली २ टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली तर समिती अपयशी ठरते आणि रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणं द्यावी लागतात.

ही वेळ २०२२ मध्ये आली. युक्रेनचं युद्ध फेब्रुवारीत सुरू झालं, एप्रिलची किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ४ मे २०२२ ला वेळापत्रकाबाहेरची बैठक घेऊन समितीने रेपो ४ वरून ४.४० केला. पुढे जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर प्रत्येकी अर्धा टक्का, डिसेंबरमध्ये ०.३५, आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला पाव टक्का. एकूण अडीच टक्के, रेपो ६.५० वर.

यातली शेवटची वाढ चार विरुद्ध दोन मतांनी झाली. विरोधातली दोन्ही मतं आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांची होती, म्हणजे सरकारने नेमलेल्या बाहेरच्या सदस्यांची. जून आणि ऑगस्ट २०२४ मध्ये याच दोघांनी कपातीच्या बाजूने मत दिलं आणि ते पुन्हा हरले. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं, त्यात कुणी कसं मत दिलं आणि का, हे नावानिशी असतं. फॉरवर्ड पाठवायच्या आधी ते उघडून बघायला पाच मिनिटं पुरतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तर वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर कार्यक्रमात दरकपातीची मागणी केली आणि दर ठरवताना अन्नधान्याची महागाई धरणं चूक असल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही कर्जाचे दर परवडणारे हवेत असा सूर लावला. डिसेंबरच्या बैठकीत रेपो जागचा हलला नाही. पहिली कपात ७ फेब्रुवारी २०२५ ला झाली, संजय मल्होत्रा गव्हर्नर झाल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत. महसूल सचिव पदावरून थेट आलेल्या गव्हर्नरने लगेच कपात केली यात राजकारण दिसणं स्वाभाविक आहे. पण मत सहाच्या सहा सदस्यांचं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये ६.२१ असलेली महागाई डिसेंबरपर्यंत ५.२२ वर आली होती.

हा ताण कोणत्याही एका पक्षाचा नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये गव्हर्नर सुब्बाराव यांनी दर उतरवले नाहीत, तेव्हा अर्थमंत्री चिदंबरम यांनी विकासाच्या वाटेवर सरकारला एकट्याने चालावं लागलं तर एकटं चालू, अशा अर्थाचा टोला हाणला होता.

सरकारचा महागाईत हात नसतो असं मात्र कुणी म्हणू नये. २१ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ८ आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी उतरवलं. ते चार महिने आधी उतरवलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न रास्त आहे. लक्ष्य चुकल्यानंतर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये जो अहवाल दिला, तो सरकारने जाहीर केला नाही. दर वाढण्याची कारणं लोकांपासून लपली असतील तर ती इथे लपली.

‘रेपो अडीच टक्के वाढला, हप्ता वीस टक्के कसा?’

हा दावा सगळ्यांत जास्त पटतो आणि सगळ्यांत जास्त चुकीचा आहे. ‘अडीच टक्के’ हे व्याजदरातलं अंतर आहे, वाढीचं प्रमाण नव्हे. दर ७ वरून ९.५ झाला तर व्याज जवळपास ३६ टक्क्यांनी महागलं. हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही असतं, म्हणून हप्त्याची वाढ त्यापेक्षा कमी दिसते.

४० लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं. ७ टक्क्यांनी लाखामागे हप्ता ७७५ रुपये ३० पैसे, म्हणजे महिना ३१,०१२. ९.५ टक्क्यांनी लाखामागे ९३२ रुपये १३ पैसे, म्हणजे महिना ३७,२८५. फरक ६,२७३ रुपयांचा, वीस टक्क्यांच्या किंचित वर. बँकेने एक पैसाही जास्त न लावता हाच आकडा येतो. स्टेट बँकेचा रेपोशी जोडलेला दर या काळात ६.६५ वरून ९.१५ झाला, म्हणजे नेमका अडीच टक्क्यांनीच.

तुमच्या कर्जावर बँकेने काही जादा चढवलं का, हे तपासायचं असेल तर हप्त्याची टक्केवारी काढत बसू नका. मंजुरीपत्रात ‘रेपो अधिक अमुक’ असं लिहिलेलं असतं. त्या ‘अमुक’ला स्प्रेड म्हणतात. आजच्या दरातून आजचा रेपो वजा करा. उत्तर मंजुरीपत्रातल्या स्प्रेडइतकंच आलं तर बँकेने नियम पाळला. जास्त आलं तर कारण लेखी मागा. स्प्रेडमधला पतजोखमीचा (कर्ज बुडण्याच्या शक्यतेपोटी लावलेला) भाग बँक फक्त तुमची पत मोठ्या प्रमाणात बदलली तरच बदलू शकते. स्प्रेडमधले बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदा बदलता येत होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते त्याआधीही कमी करता येतात.

कर्ज २०२० किंवा २०२१ मध्ये घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ४ टक्के रेपो हा कोविडमुळे आलेला अपवाद होता. त्या तळाला हप्ता बसवून, हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा भाग त्यात घालून घर घेतलेल्यांचे सगळ्यांत जास्त हाल झाले. कर्ज मंजूर करताना, दर दोन टक्क्यांनी वाढला तरी हा माणूस फेडू शकेल का, हे बँकांनी पाहायलाच हवं होतं. रिझर्व्ह बँकेने ही तपासणी ऑगस्ट २०२३ मध्ये लेखी सांगितली. उशीर झाला, हे म्हणायला हरकत नाही.

‘वीस वर्षांचं कर्ज गुपचूप चाळीस वर्षांचं केलं’

यात सर्वांत जास्त तथ्य आहे. फक्त ‘चाळीस’ हा आकडा कुणी ठरवून टाकलेला नसतो, तो गणितातून आपोआप येतो.

वरचंच कर्ज घ्या, एप्रिल २०२१ पासून सुरू झालेलं. पहिल्या वर्षी बारा हप्ते मिळून ३,७२,१४४ रुपये गेले. त्यातले २,७६,९८५ व्याजात आणि फक्त ९५,१५९ मुद्दलात. मग दर तीन महिन्यांनी दर वाढत गेला: जुलै २०२२ ला ७.९, ऑक्टोबरला ८.९, जानेवारी २०२३ ला ९.२५, एप्रिलला ९.५. बँकेने हप्ता ३१,०१२ वरच ठेवला. मार्च २०२२ च्या हप्त्यात मुद्दलात आठ हजारांच्या वर जात होते. ऑक्टोबरच्या हप्त्यात गेले २,३५८. जानेवारीत १,२८६. एप्रिल २०२३ मध्ये व्याज ३०,४९९ आणि मुद्दल ५१३ रुपये.

बाकी ३८ लाख ५२ हजार, आणि मुद्दल महिना पाचशे रुपयांच्या चालीने फिटतंय. अशी बाकी फिटायला ५२० हप्ते लागतात, म्हणजे ४३ वर्षं. ठरलेले उरले होते २१६.

तेच कर्ज वर्षभर उशिरा, एप्रिल २०२२ मध्ये घेतलं असेल तर याहून वाईट. एप्रिल २०२३ ला महिन्याचं व्याज ३१,३१७ आणि हप्ता ३१,०१२. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही बाकी ३०५ रुपयांनी वाढली. हे कर्ज कधीच फिटणार नाही. इथे मुदत वाढवून काही साधत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. बँकेचा संगणक मुदत आधी ३० वर्षांपर्यंत किंवा तुमच्या निवृत्तीच्या वयापर्यंत ताणतो. तिथे थांबलं की मग हप्ता वाढल्याचा मेसेज येतो. त्यामुळे काहींचा हप्ता २०२२ मध्ये हललाच नाही आणि २०२३ मध्ये एकदम वाढला. लोकांना वाटलं बँकेने मनमानी केली. खरं तर मधले महिने मुदत गपचूप वाढत होती.

‘गुपचूप’ हा आरोप त्या काळापुरता बऱ्याच अंशी खरा आहे. कर्जाच्या करारात मुदत वाढवायचा अधिकार लिहिलेला असायचा, पण वाढवताना विचारलं जात नव्हतं. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे बदललं आणि ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत जुन्या कर्जांनाही लागू करायला सांगितलं. दर बदलला की हप्ता आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते लगेच कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय ग्राहकाला द्यायचा. मधे कधीही काही रक्कम किंवा सगळं कर्ज फेडता आलं पाहिजे. मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून व्याजही निघणार नाही. दर तिमाहीला विवरणात आजवर वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं द्यायचं. स्थिर दरावर जायचा पर्याय देणंही तेव्हा बंधनकारक होतं. ऑक्टोबर २०२५ पासून ते बँकेच्या मर्जीवर सोडलं आहे, आणि हा बदल ग्राहकाच्या बाजूचा नाही.

आता त्याच उदाहरणात पर्याय काय होते ते बघा. बाकी ३८.५२ लाख, दर ९.५.

मुदत २१६ च ठेवायची तर हप्ता ३७,२८९. मुदत २८ वर्षांपर्यंत नेली तर हप्ता ३२,८१९, पण दर तसाच राहिला असं धरल्यास एकूण भरणा जवळपास ३० लाखांनी जास्त. हप्ता फक्त ३,००० रुपयांनी वाढवून ३४,०१२ केला तर ५२० हप्ते २८८ वर येतात. या उदाहरणातून एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. महिना ३,००० रुपयांत १९ वर्षं वाचतात, कारण जिथे मुद्दल पाचशेच्या चालीने फिटत होतं तिथे ते एकदम साडेतीन हजारांच्या चालीने फिटू लागतं. आणि हप्ता अजिबात न वाढवता २१६ च मुदत हवी असेल तर एकरकमी सुमारे ६ लाख ४८ हजार भरावे लागतात. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावायला बँकांना २०१२ पासून मनाई आहे. काउंटरवर कुणी दोन टक्के मागितले तर आधी कर्ज फ्लोटिंग आहे की स्थिर ते विचारा.

अर्धवट फेड करताना एक चूक हमखास होते. रक्कम भरली जाते, पण ‘मुदत कमी करा’ की ‘हप्ता कमी करा’ हे लेखी दिलं जात नाही, आणि बँक आपल्या सवयीप्रमाणे एक काहीतरी निवडते. अर्जावर खूण करा आणि आठवड्याभरात नवं हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या.

‘रेपो उतरला तरी हप्ता उतरला नाही, कपात बँकेने गिळली’

२०२५ मध्ये रेपो चार टप्प्यांत सव्वा टक्क्याने उतरला: फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये पाव-पाव, ६ जूनला अर्धा, ५ डिसेंबरला पाव. ६.५० वरून ५.२५.

दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. वरच्या उदाहरणात हप्ता ३७,२८९ केलेल्या माणसाचे जानेवारी २०२६ ला १८३ हप्ते उरायला हवे होते. दर ८.२५ वर आल्यावर, हप्ता न बदलता, ते १५८ उरतात. पंचवीस हप्ते कमी. खात्यातून जाणारी रक्कम तीच असल्यामुळे त्याला वाटतं काहीच मिळालं नाही. मुदत १८३ च ठेवून हप्ता कमी करून मागितला तर तो ३४,४११ होईल, महिना २,८७८ ची सोय होईल, पण एकूण भरणा सुमारे ४ लाख ३५ हजारांनी वाढेल. ज्यांच्या घरी महिन्याची ओढाताण आहे त्यांनी हप्ता कमी करून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी मुदत कमी होऊ द्यावी.

ओरड करायच्या आधी म्हणून एवढंच तपासायचं: विवरणातले उरलेले हप्ते कपातीआधी किती होते आणि आता किती आहेत.

हप्तेही तेवढेच आणि दरही तोच, असं निघालं तर मात्र तक्रार खरी आहे, आणि कारण बहुतेक वेळा कर्ज कशाला जोडलं आहे यात सापडतं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेने दिलेलं नवं फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या मापकाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेलं असतं आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्याचा दर बदलावा लागतो. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बदल दिसला नाही म्हणून घाबरू नका, तुमची रीसेटची, म्हणजे दर बदलायची, तारीख बघा. त्याआधीचं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेल्या दरावर, असेल तर त्याचा रीसेट सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होतो, आणि एमसीएलआर ठेवींच्या खर्चावर चालत असल्यामुळे कपात उशिरा आणि अर्धवट पोचते. २०१६ च्या आधीची काही कर्जं अजून त्याहून जुन्या बेस रेट पद्धतीवरच आहेत आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नाही. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तर बाहेरच्या मापकाचा नियम लागूच नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो आणि त्यातून तुम्हाला ‘सवलत’ वजा होते. नव्या ग्राहकाची सवलत मोठी, जुन्याची छोटी. जुना ग्राहक स्वतः मागत नाही तोवर ती तशीच राहते.

यावर इलाज असा. शाखेत ‘रेट कन्व्हर्जन’चा अर्ज द्या. बँकेत एमसीएलआरवरून रेपोवर जाताना वाजवी प्रशासकीय खर्च सोडून शुल्क लागत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनी रूपांतर शुल्क घेते, तेव्हा ते शुल्क आणि वाचणारं व्याज यांची तुलना करा. दोघांनीही दाद दिली नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येतं, पण तिथे फक्त दर बघून चालत नाही. नवी प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क, महाराष्ट्रात नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाणाच्या सूचनेची) नोंदणी, हे सगळं पुन्हा येतं. दरात अर्ध्या टक्क्याचा फरक आणि दहा-बारा वर्षं उरलेली असतील तर बहुधा परवडतं. शेवटची तीन-चार वर्षं उरलेल्याने त्या फंदात पडू नये, त्याच्या हप्त्यात व्याज उरलेलंच थोडं असतं. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

‘पैसा सरकारच्या खिशात गेला’

पुरावा म्हणून रिझर्व्ह बँकेने सरकारला दिलेला लाभांश दाखवतात. आकडे मोठे आहेत: २०२२-२३ साठी ८७,४१६ कोटी, २०२३-२४ साठी २,१०,८७४ कोटी, २०२४-२५ साठी २,६८,५९० कोटी. पण ही रक्कम मुख्यतः परकीय गंगाजळीवरचं व्याज आणि डॉलरच्या खरेदी-विक्रीतून येते. तुमचा हप्ता रिझर्व्ह बँकेत जात नाही.

तो बँकेत जातो आणि त्यातला मोठा भाग ठेवीदारांना मिळतो. आता बँकांना फायदा झाला का? झाला. स्टेट बँकेचा रेपोशी जोडलेला दर अडीच टक्के वाढला, त्याच काळात तिच्या एक वर्षाच्या ठेवीचा दर ५.१० वरून ६.८० झाला, म्हणजे १.७० ने. कर्ज तीन महिन्यांत महाग होतं, जुन्या ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने राहतात. फॉरवर्डमधला ‘बँकांच्या खिशात’ एवढा तुकडा २०२२-२३ पुरता खरा धरावा. दर उतरताना हेच उलटं होतं, कर्ज आधी स्वस्त होतं आणि ठेवी नंतर, तेव्हा बँका कुरकुरतात. याच घरातल्या निवृत्त आजोबांना ठेवीवर जास्त व्याज मिळालं, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘आधी असं नव्हतं’ आणि ‘आम्ही स्वस्त केलं’

मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रेपो तेरा वेळा वाढला आणि ८.५० वर गेला. त्याआधी २००८ मध्ये तो ९ टक्के होता. तेव्हाही मुदती ताणल्या गेल्या, तेव्हाही ग्राहकाला कळवलं जात नव्हतं. पहिला दावा इथेच संपतो.

उलट बाजूचा दावाही तितकाच पोकळ. २०१४ च्या सुरुवातीला रेपो ८ होता आणि महागाईही ८ टक्क्यांच्या वर होती. २००४ मध्ये गृहकर्ज साडेसात-आठ टक्क्यांना मिळत होतं, मग ते श्रेय कुणाच्या नावावर मांडायचं? दोन वर्षं हवी तशी निवडून मधली रेघ ओढली की कुठलंही सरकार नायक होतं आणि कुठलंही खलनायक.

ब्रिटनचा दाखलाही अधूनमधून येतो: तिथे गृहकर्ज महागलं आणि पंतप्रधान लिझ ट्रस ऑक्टोबर २०२२ मध्ये पायउतार झाल्या, आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही. तिथे सप्टेंबरमध्ये मांडलेल्या, निधीची सोय नसलेल्या करकपातीने बाजार हादरला आणि कर्जदर थेट त्यामुळे उसळले. शिवाय तिथली बहुतेक कर्जं दोन किंवा पाच वर्षं स्थिर दराची असतात, मुदत संपली की धक्का एकदम बसतो. लंडनमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाची आणि पिंपरीतल्या त्याच्या भावाची अडचण वेगवेगळी आहे.

मग सरकारला काय विचारायचं

व्याजावरच्या प्राप्तिकर वजावटीबद्दल विचारा. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची मर्यादा २०१४ मध्ये दीड लाखांवरून दोन लाख झाली, ती तिथेच आहे. वरच्या उदाहरणात हप्ता ३७,२८९ झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षीचं व्याज ३ लाख ६२ हजार होतं. म्हणजे दीड लाखांहून जास्त व्याज वजावटीबाहेर. आणि नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून वेगळी निवड न केल्यास आपोआप लागू होते, राहत्या घरासाठी ही वजावट अजिबात नाही. ज्यांचं व्याज मोठं आहे त्यांनी दरवर्षी दोन्ही प्रणालींत कर काढून बघावा, नोकरदाराला विवरणपत्र भरताना निवड बदलता येते.

व्याज अनुदानाबद्दल विचारा. प्रधानमंत्री आवास योजनेतलं कर्जाशी जोडलेलं अनुदान मध्यम उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२१ ला आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२२ ला संपलं. पहिली दरवाढ त्यानंतर पाचव्या आठवड्यात झाली. नवी योजना सप्टेंबर २०२४ मध्ये आली, म्हणजे दर वाढत होते आणि चढे राहिले त्या बहुतेक काळात अनुदान नव्हतंच. नव्या योजनेतही वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत अशा अटी आहेत. अनुदान पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. मुंबई महानगरात ३५ लाखांत घर कुठे मिळतं, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या आमदाराला विचारता येईल.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना बाहेरच्या मापकातून वगळलं ते का, हेही विचारा. हा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे, पण संसदेत प्रश्न विचारायला कुणी अडवलेलं नाही.

आणि राज्याला विचारा. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात महाराष्ट्राने मुद्रांक शुल्क आधी २ आणि मग ३ टक्क्यांवर आणलं होतं. ते परत वाढलं. दोन वर्षं स्थगित ठेवलेला १ टक्का मेट्रो अधिभार मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरमध्ये १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. ५० लाखांच्या फ्लॅटवर त्याचे ५० हजार होतात. हे पैसे सहसा कर्जात धरले जात नाहीत, ताबा घ्यायच्या आधी रोख उभे करावे लागतात, आणि अनेकजण त्यासाठी गृहकर्जापेक्षा कितीतरी महाग वैयक्तिक कर्ज काढतात.